तरंगती घोडी

आमच्या घरीं नातवानें इलेक्ट्रिक गिटार आणली, तेव्हां ती सुरांत लावून देण्याचें काम मीं हौसेनें अंगावर घेतलें. तंबोरा लावण्याचा थोडा सराव होता. त्या भरंवशावर सहाही तारा क्रमानें लावल्या. पुन्हां पहिलीकडे वळलों, तों ती उतरलेली! तास दीड तास हाच प्रकार चालला. अखेर "वाद्यच सदोष आहे, परत करून ये," असा निकाल मीं दिला. मुलाचा चेहरा पडला. पण श्रोतेहो, दोष वाद्याचा नव्हता. निकाल देणाऱ्याचा होता.

तंबोऱ्याची घोडी जागची हलत नाहीं. म्हणून एक तार चढविली तरी शेजारणीचें फारसें बिघडत नाहीं. लिओ फेंडर यांनीं अमेरिकेंत, कॅलिफोर्नियांतील फुलर्टन येथें, १९५४ सालीं 'स्ट्रॅटोकास्टर' गिटार काढली, तिची घोडी मात्र हलती ठेवली. ही घोडी पुढच्या कडेवर टेकते व मागें अधांतरीं राहते. तिचा दांडा दाबला कीं तारा सैल होऊन सूर उतरतो; सोडला कीं पूर्वपदावर येतो. फेंडर यांनीं तिला 'ट्रेमोलो' म्हटलें. वस्तुतः तो शब्द आवाजाच्या लहानमोठेपणाच्या कंपाचा; येथें कांपतो तो सूर.

अधांतरीं राहण्याचें रहस्य तराजूचें आहे. एका बाजूस सहा तारांची ओढ. ती साधारण जाडीच्या तारांची सुमारें ४५ किलो वजनाइतकी भरते. दुसऱ्या बाजूस वाद्याच्या पाठींतील खळग्यांत बसविलेल्या तीन ते पांच स्प्रिंगा. एक तार चढवितांच घोडी पुढें कलते व बाकीच्या पांच उतरतात. एक तार तुटली, तर उरलेल्या साऱ्या चढतात. येथें कोणतीच तार एकटी नाहीं. हेंच मला उमगलें नव्हतें.

म्हणून फेऱ्या कराव्यात. सर्व तारा लावून पुन्हां पहिलीपासून आरंभ करावा. दर फेरीस फरक घटत जातो. मग वाद्य आडवें धरून घोडी बाजूनें पाहावी. ती वाद्याच्या अंगाशीं समांतर हवी, मागें सुमारें ३ मिलिमीटर फट ठेवून. मागची बाजू फार उचलली असेल, तर स्प्रिंगा धरणाऱ्या पट्टीचे दोन स्क्रू किंचित् आंवळावेत. खालीं बसली असेल, तर सैल करावेत. एका वेळीं अर्धाच फेरा द्यावा, आणि प्रत्येक फेऱ्यानंतर तारा पुन्हां लावून मगच पाहावें. उतावळेपणा येथें नडतो.

निगा सोपी आहे. नव्या तारा एकेक करून बदलाव्यात. साऱ्या एकदम काढणें भागच असेल, तर घोडीच्या मागें योग्य जाडीचा लांकडी तुकडा सरकवावा, म्हणजे ती खालीं बसत नाहीं. तारांची जाडी बदलली कीं तोल पुन्हां साधावा लागतो. ज्या खांबांवर घोडीची धार टेकते, ते ताणलेल्या तारांनिशीं फिरवूं नयेत. धार बोथट होते आणि मग सूर परत जागीं येत नाहीं. मानेच्या शेंड्याच्या पट्टींतील खांचांत मऊ पेन्सिलीचें शिसें घांसावें, म्हणजे तार अडकत नाहीं. मुंबईसारख्या दमट हवेंत वाजवून झाल्यावर तारा व घोडी कोरड्या फडक्यानें पुसावीं. घाम व गंज हे तिचे वैरी.

आमची गिटार परत गेली नाहीं. दुसऱ्या दिवशीं आजोबा व नातू मिळून चार फेऱ्या केल्या. पांचव्या फेरीस एकही खुंटी पिळावी लागली नाहीं. त्यानें दांडा दाबला, सोडला. सूर जागच्या जागीं आला. चुकीचा निकाल मागें घेण्याचें समाधान मला त्या दिवशीं मिळालें.