वालाचा वेल रात्र मोजतो

अकोले तालुक्यातल्या एखाद्या शाळेच्या परसबागेत जूनमध्ये गावठी वाल टोकला, की पहिल्या पावसात तो झपाट्याने मांडवावर चढतो. पण फूल काही धरत नाही. श्रावण सरतो, गणपती येऊन जातात, आणि मुलं विचारून विचारून बाईंना भंडावून सोडतात. मग दिवस लहान होऊ लागतात आणि वेलावर पांढरे-जांभळे तुरे डोकावतात. वेलाची पानं अंधार मोजतात! रात्र पुरेशी लांबली की पानांकडून शेंड्याला निरोप जातो, आणि मगच कळी धरते. दुसरी ओळ तीन आठवडे उशिरा टोकून बघा. दोन्ही ओळी जवळपास एकाच सुमाराला फुलतात. पुस्तकात एका ओळीत संपणारी ही गोष्ट इथे मुलं चार महिने रोज बघत असतात.

शाळेतल्या परसबागांना आता सरकारी पाठबळही आहे. पोषण आहारासाठी शाळेतच भाजी पिकवावी, अशा मार्गदर्शक सूचना केंद्राने 2019 मध्ये काढल्या. खिचडीत ताजी मेथी, शेवगा, कढीपत्ता पडतो आणि हात धुतलेलं पाणी वाफ्याला जातं. हे चांगलंच आहे. पण परसबागेचं मोल नुसतं भाजीच्या वजनावर ठरवू नये, असं मला मनापासून वाटतं. खरा ऐवज मातीखाली आहे.

वालाचं एक रोप मुळासकट अलगद उपटा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडली की आत चक्क गुलाबी-लाल रंग! आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचंच हे भावंड, लेगहिमोग्लोबिन. गाठीतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून वेलाला देतात. त्या कामात मोकळा ऑक्सिजन आडवा येतो, म्हणून हे लाल द्रव्य त्याला धरून ठेवतं आणि जिवाणूंना बेताबेतानेच पुरवतं. हवेत 78 टक्के नायट्रोजन, तरी वेलाला तो थेट घेता येत नाही. ते काम गाठीतले हे बिऱ्हाडकरू करतात.

वालाचं असं बियाणं जपणाऱ्या, कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे याच अकोले तालुक्यात राहतात. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी वालासकट कितीतरी गावठी वाणं जपली. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वर्गाबाहेरच्या शिक्षणाची परंपराही आपल्याकडे जुनी आहे. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मूल शाळेत येत नाही, तर शाळाच कुरणात नेली!

परसबागेतल्या वालाला शेंगा लागल्या की सगळ्या तोडायच्या नाहीत. जोमदार, निरोगी वेलावरच्या भरदार शेंगा वाळेपर्यंत तशाच ठेवायच्या. दाणे खडखडीत वाळले की राखेत घोळून मडक्यात भरायचे आणि पुढच्या जूनमध्ये टोकायला नव्या पहिलीच्या मुलांच्या हाती द्यायचे.