भोकं वाचणारं गाव

दक्षिण फ्रान्समधलं नीम. (कडुनिंबाशी संबंध नाही. लिहिताना शेवटी 'एस' असतो, तो बोलताना गिळायचा.) इथं येणारा बहुतेक जण आधी चोवीस हजार प्रेक्षक मावतील अशा रोमन रिंगणाकडे धावतो. धावू दे. आपण 'मेझाँ कारे'समोर उभं राहू.

हे दोन हजार वर्षांपूर्वीचं देऊळ. मधल्या काळात त्यात घोडे बांधले गेले, पुढे चर्च भरलं, सरकारी दफ्तरंही राहिली. कुणी ना कुणी वापरत राहिलं, म्हणून ते टिकलं. दर्शनी भागावर मात्र एक अक्षर नाही, नुसती भोकं. काशाची अक्षरं कधीच निघून गेली, उरल्या त्या खिळ्यांच्या खुणा. 1758मध्ये इथल्याच सेगिए या विद्वानाने त्या भोकांच्या जागांवरून मजकूर जुळवला. देऊळ निघालं गायस आणि लुशियस यांच्या नावाचं. ऑगस्टस बादशहाचे हे नातू त्याने दत्तक घेतलेले वारस, पण दोघेही आजोबांच्या आधी गेले. युनेस्कोची मोहोर उमटायला 2023 उजाडलं.

भोकांची दुसरी जागा टेकडीच्या उतारावर आहे, आणि तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. दगडी गोल टाकं, त्याच्या कडेला दहा भोकं. उझेसजवळच्या झऱ्याचं पाणी पन्नास किलोमीटर वळसे घेत इथं यायचं आणि शिशाच्या नळांतून गावभर वाटलं जायचं. एवढ्या अंतरात उतार किती? जेमतेम साडेबारा मीटर! पंप नाही, फक्त मोजणी. याच कालव्याला गार्दों नदी ओलांडून देणारा तीन मजली, सुमारे एकोणपन्नास मीटर उंच पूल म्हणजे पाँ द्यु गार. पूल पाहायला गर्दी लोटते, पण तो ज्याच्यासाठी बांधला ते टाकं बिचारं एकटंच. पुलासाठी अर्धा दिवस राखून ठेवा, टाक्यासाठी दहा मिनिटं पुरतात.

आता अंगावरच्या जीन्सकडे पाहा. 'सर्ज द नीम', म्हणजे नीमचं जाड कापड, यावरून 'डेनिम' शब्द आला असं मानतात. तिचं जाडंभरडं भावंड 'डंगरी'. तो शब्द मात्र फ्रान्सचा नाही. गोदीतून जहाजांवर चढणाऱ्या भरड कापडाला आपल्या मुंबईच्या डोंगरीचं नाव पडलं, तेच इंग्रजीत गेलं.