रानकांदा : ओळख, धोका व लागवड

ज्यास कांदा ठाऊक नाहीं असा शेतकरी जळगांव-धुळ्याकडे मिळणार नाहीं. परंतु माळावर व टेकड्यांच्या उतारावर आपोआप उगवणारा रानकांदा हा आपल्या कांद्याचा भाऊबंद नव्हे, हें मात्र पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. अंगणांत किंवा दगडी कुंपणाच्या कडेस लावला तर तो शोभा देतो. पोटांत गेला तर जिवावर बेततो. यास्तव लागवडीपूर्वीं त्याची ओळख करून घेणें अवश्य आहे.

परदेशी कांद्याचा मोह.— जांभळ्या चेंडूसारखा फुलांचा गोळा चार-पांच फूट उंच दांड्यावर धरणारा परदेशी शोभेचा कांदा चित्रांत पाहून हौशी बागाईतदारांस मोह पडतो. पण तो मध्य आशियांतील डोंगराळ मुलखाचा. कंदास कित्येक आठवडे सारखी थंडी मिळाल्यावांचून तो फुलत नाहीं. थंडी अधिक पडल्यास आपल्या कांद्यासही डेंगळे येतात, तें अशाच कारणानें. परंतु आपल्याकडील थंड रात्री व उबदार दिवस यांवर परदेशी कांद्याचें भागत नाहीं. पुढें वैशाखांत पारा ४५ अंशांच्या घरांत गेला म्हणजे तो तग धरीत नाहीं. रानकांदा मात्र हेंच ऊन सोसून त्यांतच फुलतो.

ओळख.— यास कोळकांदा असेंही म्हणतात, संस्कृतांत वनपलांडु. शास्त्रीय नांव ड्रिमिया इंडिका, व जुन्या ग्रंथांत अर्जिनिया इंडिका. हा शतावरीच्या कुळांतील असून खाण्याच्या कांद्याचें कूळ निराळें आहे. कंद पांढरट, पापुद्र्यांचा व थेट कांद्यासारखा दिसतो. उन्हाळ्यांत पानें नसतांना उघड्या जमिनींतून एकच सरळ दांडा वर येतो व त्यावर मळकट पांढरीं, तपकिरी झांक असलेलीं फुलें लागतात. पावसाळ्यांत पानें फुटतात व पुढें वाळून जातात.

खरी परीक्षा दोन गोष्टींनीं होते. कांद्याची पात पोकळ नळीसारखी असते, रानकांद्याचें पान चपटें व भरीव असतें. कांदा चुरडला कीं उग्र दर्प येतो, रानकांद्यास तो दर्प नाहीं. ज्या कंदास कांद्याचा वास नाहीं तो तोंडांत घालूं नये, हा नियम घरांतील मुलांस अवश्य शिकवावा.

धोका.— या कंदांत हृदयावर परिणाम करणारीं तीव्र द्रव्यें आहेत. भूमध्यसमुद्राकांठच्या अशाच कंदाऐवजीं चालणारें कफाचें औषध म्हणून तो औषधकोशांत नमूद झाला. परंतु औषधाची मात्रा व विषाची मात्रा यांत अंतर फार थोडें असल्यानें घरगुती उपचारांत तो मुळींच वापरूं नये. पोटांत गेल्यास वांत्या व जुलाब होतात आणि नाडी बिघडते. अशा वेळीं रोग्यास विलंब न लावतां दवाखान्यांत न्यावें व कंदाचा तुकडाही बरोबर न्यावा. रसानें कातडीस खाज सुटते, म्हणून हातमोजे घालून काम करावें. कांदाचाळींत किंवा स्वयंपाकघरांत हे कंद क्षणभरही ठेवूं नयेत.

जागा व जमीन.— ज्या बांधाचें गवत पावसाळ्यांत कापून गुरांस घालतात, त्या बांधावर रानकांदा कधींही लावूं नये. त्याच दिवसांत याचीं पानें वर असतात व तीं वैरणींत मिसळतात. कांद्याच्या वाफ्यांपासूनही तो दूर असावा. मुरमाड, निचऱ्याची, भरपूर उन्हाची जागा यास मानवते. तापी-गिरणेकांठच्या भारी काळ्या जमिनींत पाणी साचून कंद सडतो. तेथें वीतभर उंच गादीवाफा करून त्यांत वाळू व बारीक मुरूम मिसळावा.

लागवड व निगा.— कंद विसाव्यांत असतांना, म्हणजे पानें वाळल्यावर व नवा दांडा येण्यापूर्वीं, हलवावा. मान जमिनीच्या पातळीस ठेवून फूटभर अंतरानें लावावा. एकटा दांडा उठून दिसत नाहीं. दहा-बारा कंद एकत्र असावे. शेणखत थोडें व पूर्ण कुजलेलें घालावें. पावसाळ्यांत निराळें पाणी लागत नाहीं. पानें पिवळीं पडूं लागलीं कीं पाणी अजीबात बंद करावें. हिरवीं पानें कापूं नयेत, कारण पुढील फुलाचें अन्न तींच कंदांत सांठवितात. थोरल्या कंदाजवळ पिलें आल्यास तीं वेगळीं करून लावावीं. बीं काळें व चपटें असतें. तें ताजें असतांनाच पेरावें, मात्र त्यापासून फूल येण्यास कांहीं वर्षें थांबावें लागतें.

राखीव जंगलांतून परवानगीवांचून कंद खणून आणणें १९२७ च्या भारतीय वन कायद्यानें गुन्हा आहे. आपल्याच पडीक जमिनींत रानकांदा असल्यास तेथूनही थोडेच कंद घ्यावे व बाकीचे बीं धरण्यास राहूं द्यावे.

चैत्र-वैशाखांत शेतें उघडीं पडतात व बाग कोमेजते, तेव्हां पाण्यावांचून फुलणारा हा कंद अंगणास शोभा आणतो. तेवढ्याचसाठीं तो लावावा. खाण्याच्या कांद्याशीं त्याची गल्लत घरांत कोणाकडूनही होऊं देऊं नये.