उल्लेखांचे माप आणि विंचवाचे विष

बीबीच्या वावरात सरपण उचलताना मजूर बाईला विंचू डसतो. तिचा आणि विद्वानांच्या मोजमापाचा संबंध काय? तो तपासला पाहिजे.

संशोधकाची थोरवी आज दोन आकड्यांनी मोजतात : निबंध किती छापले, आणि इतरांनी त्यांचा आधार किती वेळा घेतला. अशा उल्लेखांची सूची युजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केली. २००५ मध्ये हर्श यांनी ‘एच’ निर्देशांक मांडला. तो दहा म्हणजे किमान दहा उल्लेख मिळालेले दहा निबंध.

बुलढाण्याला लागून असलेल्या जालना जिल्ह्यातील देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर चवदार तळ्याच्या महाडात रुग्णसेवा करीत राहिले. लाल विंचवाच्या विषाने रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते. या दंशाची लक्षणे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये नोंदविली. रक्तदाबावरील प्रॅझोसिन ही गोळी त्या आवळलेल्या वाहिन्या सैल करते, हा उपचार १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात मांडला. प्रॅझोसिनला प्रतिविषाची जोड दिल्यास रोगी लवकर सावरतो, हे २०११ च्या चाचणीत दाखविले.

परंतु विंचू डसतो तो अनवाणी राबणाऱ्याला, भुईवर निजणाऱ्याला. श्रीमंत देशांना ज्या दुखण्याची झळ नाही, त्यावर लिहिणारे थोडे. म्हणून उल्लेखही थोडेच. माप खोटे नाही, पण ते विद्वानांनी विद्वानांना दिलेली पोच मोजते. बीबीची ती बाई वेळेवर गोळी मिळून घरी परतली, तर तो उल्लेख कोणत्याच सूचीत चढत नाही.