एक कळफलक, चार संगणक

परतीच्या पावसाने यंदा जाता जाता आम्हांला एक धडा दिला. संध्याकाळी विजेचा मोठा कडकडाट झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संगणककक्ष उघडून पाहतो तो तीन पडदे काळे ते काळेच! आतील संगणक सुदैवाने शाबूत होते. पंखे फिरत होते, दिवे लुकलुकत होते. पण पडद्यावाचून संगणक म्हणजे डोळे मिटून बसलेला विद्वान. त्याला पुष्कळ येत असेल, पण त्याने काय केले ते आपल्याला कसे कळावे?

तेव्हा नववीतील एका विद्यार्थ्याने आम्हांला विचारले, "सर, बाजारात एक लहानशी पेटी मिळते. तिला चार संगणक जोडता येतात आणि पडदा, कळफलक, माऊस मात्र एकेकच पुरतो. मग तीन नवे पडदे कशाला घ्यायचे?" प्रश्न हुशारीचा होता. आम्ही "तसे चालणार नाही" असे उत्तर दिले खरे, पण का चालणार नाही हे आम्हांला नीटसे सांगता आले नाही. आम्ही पडलो कलाशाखेचे. आमचा रोजचा संबंध वृत्ते आणि समास यांच्याशी. परंतु उत्तर देऊन कारण न सांगणे हे शिक्षकाला शोभत नाही. म्हणून या विषयावर जे वाचले आणि शाळेच्या कचेरीत हाताने जोडून पाहिले, ते येथे लिहीत आहो.

या पेटीला 'केव्हीएम स्विच' म्हणतात. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माऊस या तीन शब्दांची ही इंग्रजी आद्याक्षरे होत. अशा पेट्या आधीपासून होत्या. हे नाव मात्र सायबेक्स या अमेरिकन कंपनीचे संस्थापक रेमिजियस शाटास यांनी १९९५ साली रूढ केले. (मॉनिटर म्हटले की आमच्या विद्यार्थ्यांना फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहिणाराच आठवतो, म्हणून येथे आम्ही 'पडदा' हा शब्द योजला आहे. माऊसला मात्र माऊसच म्हणू. घरच्या कोंकणीत त्याला 'हुंदीर' म्हणून पाहिले, तर घरची मंडळी खाटेखाली पाहू लागली.)

पेटीचे तत्त्व डिचोली तालुक्यातील मुलांना सांगावयास नको. कुळागरात पाटाचे पाणी पोफळींना पाळीपाळीने देतात. मातीचा बांध येथे फोडला, तेथे घातला की पाणी वळते. ओहोळ एकच, पाट एकच. फक्त या क्षणी पाणी कोणत्या वाफ्याकडे जावे एवढेच माणूस ठरवितो. केव्हीएमचे बटण म्हणजे तो मातीचा बांध. कळफलकावरील प्रत्येक ठोका या बटणाने ठरविलेल्या संगणकाकडे जातो. पडद्याच्या बाबतीत प्रवाह उलटा असतो: चारही संगणक आपापले चित्र पाठवीत असतात आणि पेटी त्यांपैकी एकच पडद्याकडे सोडते. बाकीचे तीन संगणक त्या वेळी बंद पडत नाहीत. त्यांचे काम चालूच असते. फक्त त्यांच्याकडे कोणी पाहत नसते.

इतके सोपे असेल तर तारा जोडणारा साधा खटका पुरे, असे कोणालाही वाटेल. येथेच खरी मौज आहे. संगणक हा पोफळीच्या झाडासारखा मुकाट्याने पाण्याची वाट पाहणारा नव्हे. तो आपल्याशी काय जोडले आहे याची चौकशी करीत असतो. पूर्वीचे संगणक सुरू होताना प्रथम कळफलक आहे ना, हे तपासत. तो नसला तर पडद्यावर सूचना येई, तिचा आशय असा: कळफलक सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन ही कळ दाबा! जो कळफलकच नाही त्यावरील कळ दाबावयाची कशी, हे सांगणारा कोणी नसे. म्हणून चांगल्या पेटीत अशी योजना असते की, ज्या संगणकाकडे आपले लक्ष नाही त्यालाही कळफलक जोडलेलाच आहे असे भासत राहावे.

पडद्याचेही तसेच. प्रत्येक पडद्याच्या पोटात एक चिमुकली स्मृती असते आणि तीत त्याची लांबी-रुंदी, त्यावर किती बिंदू मावतात, चित्र सेकंदाला किती वेळा बदलता येते, अशी माहिती भरलेली असते. संगणक ती वाचतो व त्या मापाचे चित्र पाठवितो. साध्या पेटीने पडदा दुसरीकडे वळविला की पहिल्या संगणकाला वाटते, पडदा काढून नेला. मग तो आपल्या खिडक्या कोठेतरी एका कोपऱ्यात गोळा करून ठेवतो, आणि आपण परत आलो की नीट मांडलेले दप्तर विस्कटलेले दिसते. महागड्या पेट्या या माहितीची नक्कल जवळ बाळगतात व प्रत्येक संगणकाला ती दाखवीत राहतात. दोन पेट्यांच्या किमतींत जो मोठा फरक दिसतो तो बराचसा अशा गोष्टींपायी असतो. प्लास्टिकच्या चकाकीवर जाऊ नये.

बटणाऐवजी पुष्कळ पेट्या कळफलकावरूनच आज्ञा घेतात. 'स्क्रोल लॉक' नावाची एक कळ असते. ती कशासाठी आहे असे आम्ही अनेकांना विचारले आणि सर्वांनी खांदे उडविले. ती लागोपाठ दोनदा दाबून पुढे तीनचा आकडा दाबला की कित्येक पेट्या तिसऱ्या संगणकाकडे वळतात. या कळेचे एरव्ही कोणाला काम पडत नाही, म्हणूनच तिला हे काम मिळाले.

आपल्यासारख्या मराठी टंकलेखन करणाऱ्यांना येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. कळफलक संगणकाकडे अक्षर पाठवीत नाही. अमुक जागेची कळ दाबली गेली, एवढीच वर्दी पाठवितो. तिचे अक्षर काय करावयाचे ते संगणक आपापल्या भाषेच्या मांडणीप्रमाणे ठरवितो. इनस्क्रिप्ट मांडणीत 'जे' या कळेवर र आहे आणि 'एच' या कळेवर प आहे. पहिल्या संगणकावर मराठी चालू असेल आणि दुसऱ्यावर इंग्रजी, तर त्याच बोटाने तीच कळ दाबूनही एकीकडे र उमटेल आणि दुसरीकडे जे. पेटी भाषा बदलीत नाही. परवलीचा शब्द वारंवार चुकू लागला, तर प्रथम भाषेचे चिन्ह पाहावे.

आता आमच्या फजितीची हकीकत. कचेरीत दोन संगणक आहेत. त्यांतील जुन्या संगणकावर गुणपत्रके आहेत, नव्यावर बाहेरचा पत्रव्यवहार चालतो. टेबल लहान असल्यामुळे पडदा एकच ठेवला होता. पडद्याला मागे दोन जोडण्या असल्याने पूर्ण पेटी घेण्याची गरज नव्हती. कळफलक आणि माऊस वळविणारी यूएसबीची स्वस्त पेटी घेतली आणि चित्र पडद्याच्याच बटणाने बदलू लागलो. ही युक्ती वाईट नाही. आजही आम्ही ती सुचवू. पण तीत बटणे दोन झाली, हे आम्ही विसरलो. एके दिवशी पडदा नव्या संगणकाकडे वळविला आणि कळफलक जुन्याकडेच राहिला. समोर पत्र दिसत होते, आम्ही ठोके मारीत होतो, आणि अक्षर उमटेना. यंत्र अडले असे समजून आम्ही कळा आणखी जोराने दाबल्या. तिकडे न दिसणाऱ्या संगणकावर आठवीच्या विज्ञानाच्या गुणांचा स्तंभ निवडलेल्या स्थितीत उघडा होता.

दोन दिवसांनी एक मुलगी आपले गुण विचारावयास आली, तेव्हा तिच्या नावापुढची जागा कोरी दिसली. तिच्याच नव्हे, वर्गातील सर्वांच्याच. मूळ नोंदवही कागदाची होती म्हणून बचावलो. रात्री साडेआठपर्यंत बसून सारे गुण पुन्हा भरले. ती मुलगी तोपर्यंत आपण नापास झालो असे समजून घरी रडली होती, हे मागाहून कळले. आता दोन्ही संगणकांच्या पडद्यांची पार्श्वभूमी वेगवेगळ्या रंगांची ठेवली आहे. जुन्याची लाल, नव्याची निळी. काम सुरू करण्यापूर्वी माऊस थोडा हलवून बाण हलतो ना, हे पाहतो. बाण हलला नाही, तर हात वर.

मग ही पेटी मुळात कोणासाठी? ज्याच्या देखरेखीखाली पुष्कळ संगणक आहेत अशा एका माणसासाठी. मोठ्या संस्थांच्या संगणककोठारांत उभ्या मांडणीवर अनेक संगणक रचलेले असतात आणि मधल्या एका खणातून पडदा व कळफलक बाहेर ओढता येतो. आठ-सोळा यंत्रांना तो एक पुरतो. विमानांचे नियंत्रण करणाऱ्या कक्षांतही हे तंत्र जगभर वापरतात. तेथे संगणक वेगळ्या खोलीत ठेवतात, म्हणजे नियंत्रकाजवळ गोंगाट आणि उष्णता नको. पेडण्यातील मोपाच्या विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली; त्यांचा आवाज वर्गात आला की आमच्या मुलांचे डोळे खिडकीकडे जातात, म्हणून हे उदाहरण दिले. जेथे गुप्त कागदपत्रे हाताळली जातात तेथे आणखी खास पेट्या असतात. त्यांत कळफलकाकडून संगणकाकडे संदेश जाऊ शकतो, उलट येऊ शकत नाही. म्हणजे एका संगणकातील काहीही कळफलकाच्या वाटेने दुसऱ्यात झिरपू नये.

पेटीशिवायही हे साधते, पण अर्धेच. दोन संगणक एकाच जाळ्यात असतील आणि दोघांना आपापला पडदा असेल, तर एका आज्ञावलीच्या साहाय्याने एकाच कळफलकाने दोन्ही चालविता येतात. बाण पहिल्या पडद्याच्या कडेला नेला की तो शेजारच्या पडद्यावर अवतरतो, आणि मागोमाग ठोकेही तेथेच जातात. कारण कडेला पोचलेला बाण पाहून पहिला संगणक माऊसची हालचाल आपल्यापाशीच न ठेवता जाळ्यातून पुढे धाडू लागतो. 'सिनर्जी' ही अशी आज्ञावली २००१ सालची. मायक्रोसॉफ्टची 'माऊस विदाउट बॉर्डर्स' २०११ साली आली आणि चार संगणकांपर्यंत चालते. ॲपलची 'युनिव्हर्सल कंट्रोल' २०२२ साली आली. यात एक उणीव आहे. संगणक पुरता सुरू होऊन आज्ञावली जागी झाल्यावरच हे चालते, म्हणून बिघडलेले यंत्र दुरुस्त करताना तिचा उपयोग नाही. तेथे पेटीच हवी.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. पेटी एका माणसाला चार संगणक देते. शाळेची अडचण नेमकी उलटी आहे: येथे माणसे पुष्कळ आणि यंत्रे थोडी. चार संगणकांना एकच कळफलक लावला, तर एका वेळी एकच मुलगा काम करील आणि बाकीचे तीन संगणक, तसेच तीन मुले, वाट पाहत बसतील. संगणक वाटून घेता येतो. पडदा आणि कळफलक वाटून घेतला की शिकणेच पाळीवर जाते.

संगणक वाटून घेण्याचे मार्ग मात्र खरोखर आहेत, आणि ते जुने आहेत. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे माऊस प्रथम जाहीरपणे दाखविला. त्याच प्रयोगात दूर मेन्लो पार्कला बसलेल्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी एकाच चित्रावर दोघांचे दोन दर्शक फिरविले होते. आपल्याकडे बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधनकेंद्रातील मंडळींना असे दिसले की, खेड्यांतील शाळांत एका संगणकाभोवती अनेक मुले गोळा होतात, माऊस एखाद्या धीट मुलाच्या हाती राहतो, आणि बाकीची नुसती पाहतात. २००६ साली त्यांनी एकाच संगणकाला अनेक माऊस जोडून प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा बाण दिला. दुसरा मार्ग म्हणजे एक बळकट संगणक मध्ये ठेवून जुने, दुबळे संगणक त्याला जोडावयाचे. जुन्यांनी फक्त ठोके पोचवावे आणि चित्र दाखवावे. विचार सारा मधल्याने करावा. लिनक्सवर ही सोय फुकट मिळते. गोव्यातही 'गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट' या उपक्रमात परदेशस्थ गोवेकरांच्या पुढाकाराने तिकडे वापरून झालेले संगणक येथील शाळांना मिळाले, आणि परवान्यांचा खर्च वाचावा म्हणून त्यांवर लिनक्स घालण्यात आले.

परंतु यांपैकी शेवटच्या मार्गातही प्रत्येक जागी पडदा आणि कळफलक लागतोच. म्हणून आम्ही मुख्याध्यापकांकडे पेटीची नव्हे, तीन पडद्यांची मागणी नोंदविली. एका पालकांनी घरातील जुना दूरदर्शनसंच आणून दिला आहे. तो एका संगणकाला जोडून पाहिला, चालतो. प्रथम चित्राच्या कडा कापल्या जात होत्या. संचाच्या मांडणीत जाऊन चित्र मूळ मापात दाखविण्याची निवड केल्यावर त्या दिसू लागल्या. ती निवड नववीतील त्याच विद्यार्थ्याने शोधून काढली. उरलेले दोन संगणक भिंतीशी कापड पांघरून ठेवले आहेत.