पोरक्या मुलांस घर

पोरकें मूल म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें अनाथाश्रम उभा राहतो. आफ्रिकेंतील रुवांडा या लहानशा देशानें मात्र या प्रश्नाचें निराळें उत्तर शोधिलें. तेंच आज आपण समजून घेऊं.

१९९४ सालीं एप्रिल ते जुलै या सुमारें शंभर दिवसांत तेथें भयंकर नरसंहार झाला. सुमारें आठ लाख माणसें मारलीं गेलीं आणि असंख्य मुलें आईबापांस अंतरलीं. त्या वेळीं आश्रम निघाले ते निरुपायानें. मुलांचीं छायाचित्रें लोकांस दाखवून नातलगांचा शोधहि झाला. परंतु आपत्ति ओसरली तरी आश्रम राहिलेच. २०१२ सालीं ३३ संस्थांतून सुमारें ३,३०० मुलें राहत होतीं. आणि विशेष हें कीं, त्यांपैकीं पुष्कळांचे आप्त हयात होते. दारिद्र्यानेंच कित्येकांस आश्रमाच्या दारीं आणून सोडिलें होतें.

आश्रमांत अन्न, वस्त्र व अक्षरओळख मिळते. मग उणें काय? उणें असतें तें हक्काचें माणूस. पाळीपाळीनें बदलणाऱ्या दायांच्या हातीं तान्ह्या मुलाचा जीव कोठेंच जडत नाहीं; त्यामुळें त्याचें बोलणें, चालणें व बुद्धि हीं मागें पडतात. पुढें बाहेर पडणाऱ्या तरुणास ना गोत, ना गांव!

म्हणून २०१३ पासून तेथील सरकारनें युनिसेफच्या साह्यानें 'मुलें कुटुंबांत वाढवूं या' अशा अर्थाच्या नांवाची योजना चालविली. तिचा क्रम लक्षांत घेण्याजोगा आहे. प्रथम आईबापांचा व आप्तांचा शोध. ते सांपडल्यास, आणि घर सुरक्षित असल्यास, त्यांनाच आधार. तें न साधल्यास परिसरांतीलच पालक-कुटुंब, म्हणजे भाषा, शाळा व सोबती तुटत नाहींत. अशा पालकांना तेथें 'मलायिका मुरिंझी', म्हणजे रक्षक देवदूत, म्हणतात. कांहीं मुलांस दत्तक घेतलें जातें. तेंहि शक्य तों देशांतल्या देशांत.

मात्र नुसती माया पुरत नाहीं. घाईनें सोंपविलेलें मूल एखादे वेळीं घरगडी होऊन बसतें, किंवा दुसऱ्यांदा पोरकें होतें. म्हणून आधीं घराची पाहणी, मग पालकांची तयारी, मुलाशीं परिचयाच्या भेटी, आणि नंतरहि देखरेख. प्रत्येक खेड्यांत एक स्त्री व एक पुरुष असे दोन स्वयंसेवक यासाठीं नेमलेले असतात.

दात्यांनींहि यांतून एक बोध घ्यावा. आश्रमाच्या नव्या खोलीस दिलेला पैसा ती खोली भरण्यास नवीं मुलें ओढून आणूं शकतो. तोच पैसा गरीब मावशीच्या किंवा आजीच्या चुलीपर्यंत पोंचला, तर मूल आपल्या माणसांतच वाढतें.