ओठ चुणचुणला की त्याच दिवशी

हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली पिंपरीत उभा राहिला आणि इथून देशभर पेनिसिलिन जाऊ लागलं. आसपासची वस्ती आजही त्याला ‘एचए’ म्हणते. त्याच पिंपरीत, किंवा भोसरी-चाकणच्या एखाद्या मेडिकलमध्ये, ओठावर फोड आलेला माणूस अँटिबायोटिकची गोळी मागतो तेव्हा त्याला सांगावंसं वाटतं, की ही गोळी तुमच्या कामाची नाही. अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं. ओठावर ‘ताप उतला’, ‘जर फुटला’ असं आपण म्हणतो, ते काम विषाणूचं असतं. हा फोड बी-कॉम्प्लेक्सनेही जात नाही. ती गोळी ज्यांवर देतात ती, म्हणजे ओठाच्या कोपऱ्यात पडणारी चीर आणि ‘तोंड येणं’, ही दुखणी वेगळी.

या विषाणूचं नाव हर्पिस सिम्प्लेक्स, प्रकार १. डॉक्टरांनी ‘हर्पिस’ म्हटलं की घरात कुणाला नागीण आठवते, कुणाच्या मनात भलताच संशय येतो. नागीण कांजिण्यांच्या विषाणूमुळे येते. तो याच कुळातला, पण निराळा. आणि संशयाला तर जागाच नाही. बहुतेकांना हा विषाणू लहानपणीच, घरातल्याच कुणीतरी घेतलेल्या पाप्यातून मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या, म्हणजे दर शंभरातल्या ६४ जणांच्या शरीरात तो आहे. त्यातल्या बहुतेकांना तो असल्याचा पत्ताही नसतो. ज्यांच्या ओठावर तो दिसतो त्यांनी लाजण्यासारखं काहीही केलेलं नाही.

एकदा आला की तो जात नाही. चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या मज्जातंतूची एक गाठ कवटीच्या तळाशी असते, तिथे तो निपचित पडून राहतो. ताप, ऊन, मानसिक ताण, अपुरी झोप, मासिक पाळी, ओठाला झालेली जखम, यांपैकी काहीतरी त्याला उठवतं, आणि तो त्याच मज्जातंतूवरून ओठापर्यंत उतरतो. म्हणूनच फोड बहुधा दर वेळी जुन्याच जागी येतो.

आता हीच यादी आपल्या पिंपरी-भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांमधल्या कामाशी ताडून पाहा. फर्स्ट, सेकंड, नाइट अशी शिफ्ट फिरत राहते आणि झोप नीट बसत नाही. कॉट बेसिसच्या खोलीत दिवसा झोपायचं, तर बाकीच्यांची ये-जा चालूच. मे महिन्यात पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणच्या कोंडीत दुचाकीवर थांबलं की ऊन थेट ओठावर. वेल्डरसाठी आणखी एक गोष्ट: आर्कमधूनही अतिनील किरण निघतात, त्यामुळे ‘एकच टाका मारायचाय’ म्हणून शील्ड वर करून काम उरकू नका. ज्यांना वारंवार त्रास होतो त्यांनी मोबाइलमध्ये शिफ्टच्या वेळापत्रकाशेजारी फोडाची तारीख टिपावी. चार-सहा महिन्यांत आपल्याला उन्हाने होतं की जागरणाने, हे बरंचसं कळतं. उन्हाने होत असेल तर एसपीएफ ३० चा लिप बाम आणि तोंडावर रुमाल, हा साधा उपाय आहे.

औषधाचं सगळं गणित वेळेचं आहे. आधी त्या जागी चुणचुण, आग किंवा खाज होते. दिसत काहीच नाही. काही तासांत, फार तर दिवसाभरात, पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा झुबका उठतो. मग ते फुटतात, पाझरतात, पिवळसर खपली धरते आणि सात ते दहा दिवसांत सगळं बरं होतं. विषाणू वाढतो तो पहिल्या दिवस-दोन दिवसांतच. आपण मेडिकलमध्ये जातो चौथ्या दिवशी, आरशात खपली बघून. तोवर औषधाला करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

असायक्लोव्हिर हे यावरचं मूळ औषध. ते जिथे घडलं त्या प्रयोगशाळेच्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल मिळालं. विषाणूचंच एक एन्झाइम या औषधाला कामाला लावतं, त्यामुळे निरोगी पेशींना त्याचा फारसा उपद्रव होत नाही. त्याच्या मलमाने आजार जेमतेम अर्धा-एक दिवस कमी होतो. गोळ्या जास्त उपयोगी. व्हॅलासायक्लोव्हिर तर चुणचुण सुरू होताच एका दिवसात दोन डोस घेऊन संपवता येतं. पण डोस डॉक्टरांनीच ठरवायचा, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांचा तर विशेषच. वर्षात सहा किंवा जास्त वेळा फोड येत असतील तर रोज घ्यायची गोळीही देता येते. चिठ्ठी आधीच घेऊन गोळ्या डब्यात ठेवल्या, तर नाइट शिफ्टला चुणचुण सुरू झाली तरी वेळ जात नाही.

चुना, टूथपेस्ट लावू नका. खाज-गजकर्णासाठी सर्रास विकली जाणारी स्टेरॉइडमिश्रित मलमं तर अजिबात नकोत, त्यांनी संसर्ग बळावतो. फोडाला हात लागला तर साबणाने धुवा, तो हात डोळ्याला लावू नका. डोळा लाल होऊन दुखू लागला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा, या विषाणूने नजर जाऊ शकते. भोसरीच्या तालमींत घासणाऱ्या पोरांनी खपली पडेपर्यंत कुस्ती धरू नये; अंगाला अंग घासून हा संसर्ग पैलवानांमध्ये पसरतो. मधुमेह असेल, केमोथेरपी चालू असेल किंवा दहा दिवसांनंतरही फोड बरा होत नसेल, तर तपासून घ्या.

आणि सुट्टी काढून गावी बारशाला निघालात, ओठावर फोड असेल, तर बाळाचा पापा घेऊ नका. नवजात बाळाच्या जिवावर हा संसर्ग बेतू शकतो. फोड पूर्ण बरा होईपर्यंत बाळाला दुरूनच बघा, आणि घरच्यांना कारणही सांगा.